प्रवाळ टाकीतील कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा डोस कसा काढावा: कोकण किनाऱ्यावरील टाक्यांसाठी सविस्तर कृती

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ, गुलाबी कोरलाइन शैवाल, शंखशिंपले किंवा चुन्याच्या नळीत राहणारे किडे वाढत असतील, तर ते सगळे आपला सांगाडा किंवा कवच एकाच मालापासून बनवतात, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हा माल ते पाण्यातल्या कॅल्शियमपासून आणि कार्बोनेट-बायकार्बोनेटपासून बनवतात, आणि या दुसऱ्या साठ्याचे माप म्हणजे अल्कलिनिटी. समुद्रात तो संपत नाही, पण दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत आठवडाभरात त्याची तूट दिसू लागते. ही तूट मोजणे आणि तेवढीच भरपाई रोज करणे, एवढाच डोसिंगचा अर्थ आहे. बाटलीवर छापलेले ‘शंभर लिटरला पाच मिली’ हे प्रमाण कोणत्याच टाकीचे नसते, कारण बाटली भरणाऱ्याला आपल्या टाकीत काय आणि किती वाढते आहे हे माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. रत्नागिरीत घरच्या टाकीवर गेली अकरा वर्षे मी हे गणित वहीत मांडत आलो आहे. कोकणच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात त्यात जे फरक करावे लागतात, तेही येथे नोंदवतो.

गणिताकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झाले, किंवा किनाऱ्यावरच्या कोणत्याही खडपात ओहोटीला जिवंत प्रवाळ दिसतात, म्हणून ते उचलून आणण्याचा मोह अनेकांना होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे आणि मेलेला सांगाडा घरात ठेवणेही त्यातच येते. माझ्या टाकीत चामड्यासारखे मऊ प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांच्याच नात्यातले मऊ जीव), शंख आणि खडकांवर पसरलेले भरपूर कोरलाइन शैवाल आहे, आणि चुन्याचा खप असण्यासाठी तेवढे पुरते. कठीण प्रवाळ ठेवायचे असतील तर ते कुठून आले आणि त्यांची कागदपत्रे कोणती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अल्कलिनिटीवर नजर का ठेवावी

३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखांतले भाग), मॅग्नेशियम १२८० ते १३०० पीपीएम आणि अल्कलिनिटी साडेसहा ते सात डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) असते. टाकीत कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच या मर्यादेत कुठेही स्थिर ठेवली तरी चालते. माझा भर ‘स्थिर’ या शब्दावर आहे. ७.५ वर महिनोन्महिने उभी असलेली टाकी ७ आणि १० यांमध्ये हेलकावे खाणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी निरोगी असते.

कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरावीक प्रमाणातच वापरले जातात, म्हणून टाकीची अल्कलिनिटी १ डीकेएच उतरली की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएम उतरते. हे प्रमाण प्राण्याच्या मर्जीवर नाही, रसायनावर आहे. सांगाड्यात थोडे मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात कॅल्शियम किंचित कमी वापरले जाते, पण रोजच्या हिशेबाला ७ हा आकडा पुरेसा आहे.

आता हे दोन साठे शेजारी ठेवून पाहावेत. ८ डीकेएच असलेल्या टाकीत १ डीकेएच उतरणे म्हणजे आठवा भाग गेला. त्याच वेळी ४२० पीपीएम कॅल्शियममधून फक्त ७ गेले, म्हणजे दोन टक्केही नाहीत. बाजारातल्या बहुतेक कॅल्शियम टेस्ट किटची चूकच १० ते २० पीपीएमची असते, त्यामुळे ७ पीपीएमची घसरण तिला दिसतच नाही. नवखा मनुष्य रोज कॅल्शियम मोजतो, एक दिवस ४१०, दुसऱ्या दिवशी ४३०, तिसऱ्या दिवशी ४००, आणि त्या आकड्यांमागे धावत डोस बदलत राहतो. वास्तविक टाकीत काहीच बदललेले नसते, किटची चूक तेवढी बोलत असते. म्हणून खप काढायचा तो अल्कलिनिटीवरून. कॅल्शियमचा डोस त्याच गणितातून आपोआप मिळतो आणि त्याची खातरजमा पंधरा दिवसांतून एकदा केली तरी पुरते.

क्षारता आणि पाण्याचे खरे माप

क्षारता चुकीची असेल तर पुढचे सगळे आकडे चुकतात. समुद्राचे पाणी पातळ होऊन ३० पीपीटी झाले, तर त्यातले कॅल्शियमही ३५० च्या आसपास येते. अशा टाकीत कॅल्शियम क्लोराइड ओतणे म्हणजे मिठाच्या कमतरतेवर कॅल्शियमचे औषध देणे होय. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला अचूक असेलच असे नाही.

किनाऱ्यावरचे बरेच लोक टाकीसाठी समुद्राचेच पाणी आणतात, मीही आणतो. पण ते कुठून आणि केव्हा भरले यावर सगळे अवलंबून आहे. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात काजळी नदीचे गोडे पाणी उतरते, तिथले पाणी जुलैमध्ये चवीलाही धड खारे लागत नाही. खाडीच्या तोंडापासून आणि बंदरापासून लांब, भरतीच्या वेळी पाणी भरावे. मिरकरवाड्यातल्या एका तांडेलकाकांनी मला पहिल्याच वर्षी सांगितले होते, “उधाणाचं पाणी भरू नको रे, गाळ ढवळलेला असतो. भांगाला ये, तळ दिसतो तेव्हा.” मी तेव्हापासून अष्टमीच्या आगेमागेच, म्हणजे भांगाच्या लहान भरतीला, कॅन घेऊन जातो. पाणी जाड कापडातून गाळून, झाकून, आठ-दहा दिवस अंधारात ठेवावे आणि वापरण्याआधी क्षारता व अल्कलिनिटी मोजावी. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्याचे पाणी भरूच नये, त्या काळात तयार मिठाचे पाणी करावे. तयार मिठातही अल्कलिनिटी सारखी नसते. काही मिठांचे पाणी ११ डीकेएच येते, आणि ८ वर असलेल्या टाकीत ते दहा टक्के बदलले तर एका दिवसात ०.३ ची वाढ होते. बाष्पीभवनाची भरपाई मात्र नेहमी आरओच्या पाण्यानेच करावी. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यात काय विरघळले आहे हे आपल्याला माहीत नसते.

यानंतर टाकीत खरोखर किती पाणी आहे ते काढावे. दुकानदाराने सांगितलेले लिटर हे रिकाम्या काचेचे माप असते. माझी टाकी आतून १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे, पाणी ४१ सेंटिमीटरपर्यंत उभे राहते. तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागले की २२१ लिटर येतात. खालच्या संपमध्ये, म्हणजे पंप ठेवलेल्या छोट्या टाकीत, चालू स्थितीत ३५ लिटर असते, म्हणजे एकूण २५६. त्यातून दगड आणि वाळू यांनी अडवलेली जागा वजा करावी लागते. ती मी टाकी भरताना बादल्या मोजून काढली होती, साधारण ३६ लिटर. उरले २२० लिटर, आणि पुढचे सर्व हिशेब मी याच आकड्यावर करणार आहे. टाकी आधीच भरलेली असेल तर एकूण मापातून १२ ते १५ टक्के वजा करून सुरुवात करावी, पहिल्या महिन्यातील मोजणी तो अंदाज आपोआप सुधारते.

दोन द्रावणे तयार करणे

अल्कलिनिटीसाठी खाण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट घ्यावा. बेकिंग पावडर हा वेगळा पदार्थ आहे, त्यात आम्ल आणि पिठूळ मिसळलेले असते, ती टाकीत जाता कामा नये. ८४ ग्रॅम सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण बरोबर १ लिटर करावे. सोडा विरघळायला वेळ लागतो, पण म्हणून पाणी उकळू नये, कारण तापवले की बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो.

कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घ्यावे, खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाचे. ७३.५ ग्रॅम घेऊन त्याचेही बरोबर १ लिटर द्रावण करावे. पदार्थ पाण्यात थोडा थोडा टाकावा, पदार्थावर पाणी ओतू नये, कारण विरघळताना ते चांगलेच तापते. डोळ्यांवर चष्मा असावा. निर्जल कॅल्शियम क्लोराइड मिळाले असेल तर ५५.५ ग्रॅम पुरतात.

ही मापे मी मुद्दाम अशी निवडली आहेत की दोन्ही द्रावणे समान मिलीलिटरमध्ये एकमेकांना तोलतात. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएच वाढवायला सोड्याचे ३६ मिली लागतात, आणि कॅल्शियमचे तेवढेच ३६ मिली त्याच १०० लिटरमध्ये ७ पीपीएम वाढवतात. जितके मिली एकाचे, तितकेच दुसऱ्याचे, हे लक्षात राहिले की अर्धे काम झाले. कोरड्या मापात सांगायचे तर १०० लिटरमध्ये १ डीकेएचला ३ ग्रॅम सोडा, आणि १० पीपीएम कॅल्शियमला ३.७ ग्रॅम डायहायड्रेट.

कोकणात येथे एक अडचण हमखास येते. कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा भयंकर वेगाने ओढते. जूनमध्ये पुडा उघडून रबर लावून ठेवला, तर तीन-चार दिवसांत दाणे चिकटतात, पंधरवड्यात पिशवीच्या तळाशी तेलकट पाणी साचते, आणि मग काट्यावर आपण जे तोलतो त्यातला मोठा भाग निव्वळ पाणी असतो. यावर उपाय असा की पुडा फोडला त्याच दिवशी सगळ्याचे द्रावण करून ठेवावे, द्रावण बंद बाटलीत वर्षभर टिकते. शंका आली तर द्रावणाची परीक्षा करावी: १० मिली द्रावण घेऊन आरओच्या पाण्याने एकूण ५०० मिली करावे, कॅल्शियम किटने ते ४०० पीपीएमच्या जवळ यायला हवे. ३३० आले तर पुड्यात ओल शिरली होती असे समजावे आणि डोस त्या प्रमाणात वाढवावा.

सोड्याच्या द्रावणाने अल्कलिनिटीची किट तपासता येते, आणि ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. २ मिली द्रावण आरओच्या पाण्याने एकूण ७०० मिली केले की त्याची अल्कलिनिटी ८ डीकेएच होते. किट ते ८.६ दाखवत असेल तर ती ०.६ जास्त सांगते हे समजले, बाटलीवर तशी चिठ्ठी चिकटवावी. मोजताना सिरिंजच्या टोकाला बुडबुडा नाही ना हे पाहावे, रंग बदलू लागला की थेंब एकेक करून टाकावा आणि प्रत्येक थेंबानंतर कुपी नीट हलवावी. मी कुपी पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात पाहतो, ट्यूबलाइटखाली निळ्याचा पिवळा होण्याचा क्षण अर्धा थेंब पुढेमागे वाटतो. कॅल्शियम किटमधली भुकटी पावसाळ्यात गोळा होते, म्हणून सगळ्या किट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

खप मोजणे

यासाठी तीन दिवस कोणताही डोस देऊ नये आणि पाणी बदलू नये. क्षारता ३५ वर आणून अल्कलिनिटी मोजावी, वेळ लिहून ठेवावी, आणि बरोबर ७२ तासांनी, त्याच किटने, त्याच माणसाने पुन्हा मोजावी. वेळ तीच असणे महत्त्वाचे आहे, कारण दिवे चालू असताना खप जास्त असतो आणि रात्री कमी. सुरुवातीची अल्कलिनिटी ७ च्या खाली असेल तर आधी ती ८ पर्यंत हळूहळू वर आणून मग हा प्रयोग करावा.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: रात्री आठ वाजता ८.४, तीन दिवसांनी रात्री आठ वाजता ७.२. घसरण १.२, म्हणजे दिवसाला ०.४ डीकेएच. टाकी २२० लिटरची, म्हणजे २.२ वेळा शंभर लिटर, म्हणून ०.४ गुणिले २.२ गुणिले ३६, उत्तर सुमारे ३२ मिली. हा सोड्याच्या द्रावणाचा रोजचा डोस, आणि कॅल्शियमच्या द्रावणाचाही तोच. यातून कॅल्शियम दिवसाला ३ पीपीएमपेक्षा थोडे कमीच वाढते. मऊ प्रवाळ आणि शैवाल असलेल्या टाकीला ०.२ ते ०.५ डीकेएच हा खप सामान्य आहे. फांदीदार कठीण प्रवाळांनी भरलेली टाकी दिवसाला १ ते २ डीकेएचही खाते, तिथे तीन दिवस थांबणे धोक्याचे असते, एकाच दिवसाची घसरण मोजावी.

रोजचा डोस आणि दुरुस्तीचा डोस हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतात. वरच्या उदाहरणात प्रयोग संपला तेव्हा टाकी ७.२ वर होती. मला ती ८.२ वर हवी होती. ही १ डीकेएचची दुरुस्ती म्हणजे २.२ गुणिले ३६, अंदाजे ७९ मिली, आणि ती एकदाच करायची असते. ती मी तीन दिवसांत वाटली, रोज २६ मिली. म्हणजे पहिले तीन दिवस ३२ अधिक २६ असे ५८ मिली, आणि चौथ्या दिवसापासून फक्त ३२. दुरुस्तीचा भाग थांबवायला विसरले की पुढच्या आठवड्यात टाकी १० च्या पुढे जाते. अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वर नेऊ नये, फारच नड असेल तर १. कॅल्शियमचेही तसेच: ३८० वरून ४२० वर जायचे असेल तर २२० लिटरला ४४० मिली द्रावण लागते, ते चार दिवसांत रोज ११० मिली द्यावे. दुरुस्तीत दोन्ही द्रावणे समान घेण्याची गरज नाही, जे कमी आहे तेवढेच भरावे. रोजच्या डोसमध्ये मात्र ती समान असतात.

डोस देण्याची जागा म्हणजे जिथे पाण्याचा ओघ सर्वांत जोरात आहे ती, माझ्याकडे संपमधला, पाणी टाकीत परत चढवणाऱ्या रिटर्न पंपाचा कप्पा. सोडा आणि कॅल्शियम यांच्यात किमान अर्धा तास अंतर असावे. ते जवळजवळ पडले तर त्या जागी दोन्ही इतके दाट होतात की प्रवाळापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची चुनखडी होते. हाताने देणाऱ्याने सोडा सकाळी आणि कॅल्शियम रात्री द्यावे. डोसिंग पंप असेल तर ३२ मिलीचे चार-चार मिलीचे आठ भाग करून एकाआड एक तास लावावेत. पंपाच्या नळ्या ढिल्या पडतात, म्हणून दर दोन महिन्यांनी मोजपात्रात पंप चालवून तो खरोखर चार मिलीच सोडतो का ते पाहावे.

आठवड्याने पुन्हा मोजावे. समजा ८.२ वरून ७.८ झाले. सात दिवसांत ०.४, म्हणजे दिवसाला ०.०६ कमी पडते आहे, त्यासाठी साडेचार मिली वाढवावेत. पुढच्या मोजणीतही तशीच घसरण दिसली तर ३२ चे ३६ करावेत आणि पुन्हा आठवडा थांबावे. एका मोजणीवरून डोस बदलू नये, लागोपाठ दोन मोजण्या एकाच दिशेने गेल्या तरच बदलावा. जीव वाढतात तसा खपही वाढतो.

या पद्धतीत दोन्ही द्रावणांतून मागे साधे मीठ उरते. ३२ मिलीच्या जोडीतून दिवसाला दोन ग्रॅमच्या आत-बाहेर, महिन्याला साधारण ५५ ग्रॅम. त्यामुळे क्षारता महिन्याला पाव पीपीटीने चढते. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलत असाल तर ते सांभाळले जाते, मात्र क्षारता मोजणे सोडू नये.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

अल्कलिनिटी उतरते आहे पण कॅल्शियम महिनाभर हलत नाही, असे झाले तर नायट्रेट पाहावे. माशांच्या विष्ठेतल्या आणि उरलेल्या खाद्यातल्या नायट्रोजनपासून नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्ची पडते, ५० पीपीएम नायट्रेट साचले तर त्यात सव्वादोन डीकेएच जातात. अशा वेळी खाद्य कमी करावे आणि फिल्टर धुवावा. कॅल्शियमचा डोस वाढवून त्यात काही होत नाही.

दोन्ही डोस बरोबर असूनही दोन्ही आकडे टिकत नाहीत आणि हीटरवर, पंपाच्या पात्यांवर खरखरीत पांढरा थर चढतो, तेव्हा मॅग्नेशियम मोजावे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त भरलेले असते, तरी ते आपोआप खाली बसत नाही, याचे मोठे कारण मॅग्नेशियम. स्फटिक धरू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ अडवते. १२०० च्या खाली ही राखण सैल पडते. १० पीपीएम वाढवायला १०० लिटरमागे ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट लागते. ११८० वरून १३०० वर नेण्यासाठी २२० लिटरला सुमारे २२० ग्रॅम, चार-पाच दिवसांत वाटून. एप्सम सॉल्ट स्वस्त आणि सहज मिळते, पण त्यातून सल्फेट साचत जाते, म्हणून ते थोडेच मिसळावे. मॅग्नेशियमचा खप कॅल्शियमच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे महिन्यातून एकदा मोजणे पुरते.

चुन्याची निवळी आणि पावसाळा

बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यात चुना विरघळवून देण्याची पद्धत सोपी आहे आणि तिच्यातून मीठही साचत नाही, कारण चुन्याच्या निवळीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात असतात. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना पाडत असत. शिंपल्याने समुद्रातून जे घेतले तेच निवळीतून टाकीला परत मिळते, हे मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे. मात्र टाकीसाठी पानाचा किंवा भिंतीचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे, लिटरला दोन ग्रॅम टाकून ढवळावे, झाकण लावून रात्रभर ठेवावे आणि वरचे स्वच्छ पाणीच वापरावे. झाकण नसेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पापुद्रा धरतो आणि निवळीचा कस जातो. पूर्ण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, ती थेंबथेंबच जायला हवी, शक्यतो रात्री, जेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो.

२२० लिटरमध्ये एक लिटर पूर्ण निवळी अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचने आणि कॅल्शियम ३.७ पीपीएमने वाढवते. ०.४ डीकेएच खपाला दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पुरते. जानेवारीत माझ्या टाकीतून दिवसाला साडेतीन लिटर पाणी उडते, तेवढी सगळी पूर्ण निवळी गेली तर अनर्थ होईल, म्हणून मी पाऊण लिटर निवळी आणि पावणेतीन लिटर साधे आरओचे पाणी एकत्र करून भरत असे. उन्हाळाभर हे उत्तम चालले. जून गेला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रवाळ मिटून बसले. मोजले तर अल्कलिनिटी ८ वरून साडेपाचच्या खाली आली होती. कारण सोपे होते: पावसात हवा इतकी ओली की टाकीतून दिवसाला जेमतेम सव्वा लिटर पाणी उडत होते, म्हणजे निवळीही तेवढ्याच तिसऱ्या हिश्शात जात होती. रोज पाव डीकेएचची तूट, दहा दिवसांत अडीच डीकेएच. मी घाबरून सोडा आणि कॅल्शियम एकापाठोपाठ एक ओतले. पाच मिनिटांत टाकी नारळाच्या रसासारखी पांढरी झाली, समोरची काच दिसेना. दुसऱ्या दिवशी पाणी निवळले तेव्हा खडकांवर बारीक भुकटी होती आणि अल्कलिनिटी ओतण्याआधी होती त्याहूनही खाली, ५.१ वर. चामडी प्रवाळ पुन्हा उघडायला नऊ दिवस लागले.

तेव्हापासून मी खपाचा निम्माच भाग निवळीतून देतो आणि उरलेला निम्मा दोन द्रावणांतून, जो हवेवर अवलंबून नसतो. शिवाय रोज किती आरओचे पाणी भरले तेही वहीत अल्कलिनिटीच्या शेजारी लिहितो. भरपाईचे पाणी उतरू लागले की पाऊस पडण्याआधीच डोस बदलायची वेळ आली हे कळते.

पावसाळ्यात खिडक्या बंद राहतात, घरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच ७.८ च्या खाली जाऊ लागतो. सोड्याऐवजी त्या दिवसांत सोडियम कार्बोनेट वापरले तर पीएचला हात मिळतो. ते घरी करता येते: ८४ ग्रॅम सोडा पसरट ट्रेमध्ये ओव्हनमध्ये दीडशे ते दोनशे अंशांवर तासभर तापवावा, थंड झाल्यावर तोलावा. वजन ५३ ग्रॅमवर आले म्हणजे काम पूर्ण झाले, जास्त असेल तर आणखी तापवावे. त्याचेही १ लिटर द्रावण करावे, डोसचे मिली तेच राहतात. हे द्रावण अधिक तीव्र अल्क असल्याने ते छोट्या भागांत, जोरदार ओघातच द्यावे.

वादळी पावसात वीज जाते, ते कोकणात गृहीतच धरावे. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर नाही आणि डोसिंग पंप आहे, अशी जोडणी कधीही करू नये. पाणी थांबलेल्या संपमध्ये डोस पडत राहिला तर तिथेच चुनखडीचा गोळा होतो. दोन्ही पंप एकाच पट्टीवर लावावेत, म्हणजे एक थांबला की दुसराही थांबेल. वीज आल्यावर पंपाचे घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे, काही पंप वेळ विसरतात आणि रात्रीचा डोस दुपारी देतात.

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की बाष्पीभवन आठवड्याभरात दुप्पट होते. टाकीवर पंखा लावला असेल तर त्याहूनही जास्त. पावसाळ्यात दाट केलेले निवळीचे मिश्रण तसेच राहिले तर आता उलट चूक होते आणि अल्कलिनिटी वर पळते. भरपाईच्या पाण्याने दिवसाला दोन लिटरची रेघ ओलांडली की मी निवळीचे रोजचे माप तेच ठेवून साधे पाणी वाढवतो, आणि पुढचे चार दिवस रोज रात्री आठ वाजता अल्कलिनिटी मोजतो.